न चाखलेला दाणा

उमाशंकरचे समोरचे दात पाडले होते. आता तिथे त्याला भाकरी दुधात मोडून कोण देत असेल, हा विचार सहा दिवस झाले स्वानंदीचा पिच्छा सोडत नव्हता. कणीक मळताना, देवापुढे निरांजन लावताना, मध्येच तिला ते तोंड दिसे. तिथे म्हणजे जेलमध्ये. हाटपिपल्याजवळच्या माळावर सात मोर आणि दोन लांडोरी मरून पडल्या होत्या आणि त्यांना विष घातलं म्हणून अडुसष्ट वर्षांच्या या म्हाताऱ्याला आत टाकलं होतं. विष कुणी आणलं हे स्वानंदीला ठाऊक होतं. देवासच्या आपल्या घरात ती रोज दोन वेळा त्या माणसाला गरम पोळी वाढत होती. तो तिचा मुलगा होता, अजेय. आणि पोळ्या लाटणारे हातही त्यातून सुटलेले नव्हते.

उमाशंकर मूळचा धार जिल्ह्यातला, मनावरकडचा. तरुणपणी देवासकडे आला तो शेतं राखायला. चाळीस वर्षं त्याने तेच केलं. डबे बडवायचे, बोंबा मारायच्या, काळविटं आणि रोजडे हाकलायचे. रोजडे म्हणजे नीलगाई. एका रात्रीत अख्खं शेत लोळवतात. एकदा फटाक्याची नळी हातातच फुटली आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. बायको त्याआधीच गेली होती. मुलगी गुड्डी तिकडे मनावरलाच दिलेली.

मग एका संस्थेने माळावरची पंधरा-वीस बिघे जमीन घेतली. तिथे रानातल्या जनावरांसाठीच दाणा-चारा पेरायचा, म्हणजे ती लोकांच्या शेतात शिरणार नाहीत, अशी कल्पना. नांगर अजिबात घालायचा नाही. वाढलेलं गवत कापून जागेवरच अंथरायचं आणि त्यातच बी द्यायचं. अजेय तिथे नोकरीला लागला आणि त्यानेच उमाशंकरला शोधून आणलं. म्हातारा खूप हसला होता. "चालीस साल भगाया भिया, अब न्योता दूँ? आएँगे वो?"

आले. कारण बी कोणतं द्यायचं हे उमाशंकरला कळत होतं. राळा, कुटकी, तीळ असलं बारीक बी गवताखाली नुसतं उधळलं तरी धरतं. ज्वारी आणि चवळीचं तसं नाही. काठीने भोक पाडून एकेक दाणा आत सोडायचा आणि टाचेने बुजवायचा. अजेय कंटाळला की तो दटावायचा, "मोटा दाना ऊपर डाला तो वो बोना नी हे, चुग्गा हे. पंछी जीमेंगे और तू बैठके ताली बजाना."

आणि पेरायच्या आधी प्रत्येक पोत्यातला चिमूटभर दाणा तो डोळे मिटून चावायचा. जुनं बी, ओल लागलेलं बी, आतून भुंग्याने पोखरलेलं बी, सगळं त्याच्या जिभेला कळायचं. दुकानातल्या रंगीत, औषध लावलेल्या बियाण्याला तर तो हातही लावत नसे. अजेयला त्याचं भारी कौतुक. संस्थेच्या वहीत प्रत्येक पेऱ्यापुढे तो मुद्दाम लिहायचा, 'बीज चयन: उमाशंकर'. "काकांचं नाव राहिलं पाहिजे ना आई," म्हणायचा.

दिवाळीला उमाशंकर तिळाची पुरचुंडी घेऊन स्वानंदीकडे यायचा. आत ये म्हटलं तरी ओट्यावरच बसायचा आणि चकली कडाकडा फोडायचा. "बेनजी, बत्तीस के बत्तीस हैं अभी. गिन लो."

यंदाची ज्वारी गुड्डीकडून यायची होती. तिच्याकडे राखेत कालवून ठेवलेलं घरचं बी असायचं. महिनाभर उमाशंकर अजेयच्या मागे लागला होता, "गाड़ी निकाल भिया, एक दिन का काम हे." अजेयला दिवस सापडला नाही. महिनाअखेरीला संस्थेला मदत करणारे लोक दिल्लीहून पाहणीला येणार होते. माळ हिरवा दिसला तर त्याची नोकरी कायम होणार होती. शेवटी त्याने देवासच्या बाजारातून पंधरा किलो ज्वारी उचलली. लालभडक. पोत्यावर कवटी आणि खाली ठळक अक्षरांत, 'विषैला, खाने के लिए नहीं'.

"अरे, हे विष आहे," स्वानंदी म्हणाली.

"वरवरचं असतं गं. रंग गेला की गेलं. काकांना रंगीत चालत नाही, म्हणून तू जरा धुऊन दे. गहू धुतेस ना, तसं."

आणि तिने धुतली. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर उन्हाळ्यात ती वर्षाचा गहू धुऊन गच्चीवर वाळवत आली होती. तीन पाणी बदलली, चौथ्यांदा पंच्यावर घेऊन खसाखसा चोळली. मोरीतून लाल ओघळ वाहत राहिला. दोन दिवस गच्चीवरच्या उन्हात ठेवल्यावर दाणा खडखडीत आणि पांढरा झाला. तिला आपल्या कामाचं समाधानही वाटलं. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली बाई. आठवड्यातून दोनदा मटकी भिजत घालणारी. दाणा पाणी पितो आणि पाण्यात असेल ते सगळं पितो, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं?

पेरा ठरला तो नेमका देवशयनी ग्यारशीला, म्हणजे आषाढी एकादशीला. त्या दिवशी उमाशंकर धान्याचा कण तोंडात घालत नसे. तो हात मागे घेऊन म्हणाला, "आज नी भिया. आज चख नी सकता. कल."

"कल बारिश आ गई तो?" अजेय म्हणाला. "और चखना क्या है काका? गुड्डी दीदी के घर का है. परसों खुद जाके लाया."

लेकीच्या घरचा दाणा म्हटल्यावर म्हाताऱ्याने मूठ कपाळाला लावली आणि काठी उचलली. तो एका टोकाने भोकं पाडत गेला. तेवढा धीर अजेयला नव्हता. दुसऱ्या टोकाने त्याने उरलेली ज्वारी गवतावर उधळून टाकली. संध्याकाळी जेवताना त्यानेच हे हसत हसत सांगितलं होतं. "कसला गुंडाळला म्हाताऱ्याला!" स्वानंदीही हसली होती. आपण हसलो होतो, हे तिला नंतर फार आठवलं.

दुसऱ्या सकाळी मोर मेलेले सापडले. त्यानंतर माळावर काय झालं ते तिने मोबाइलवर पाहिलं. कुणीतरी चित्रण करून गावभर पाठवलं होतं.

उमाशंकरला बाभळीला बांधलं होतं. भोवती आसपासच्या शेतांवरचे लोक होते. त्यातल्या काहींच्या बापांची शेतं त्याने राखलेली.

"हमारी फसल खाने वालों को जिमाता है! हिरणों का जँवई!"

"अरे ये तो चखता है ना? चखाओ इसको!"

एकाने मूठभर ज्वारी त्याच्या तोंडाशी नेली. तोंड उघडेना, तेव्हा काठीचं टोक घालून उघडलं. त्याचा आवाज चित्रणात नीट ऐकू येत होता. लोक हसत होते. "गिन ले दादा, बत्तीस हैं के कम हो गए?"

मागे अजेय उभा होता. निळा शर्ट. तिनेच इस्त्री केलेला. कुणीतरी त्याला विचारलं, बीज किसने चुना था? त्याने वही उघडून धरली. बोटसुद्धा ठेवावं लागलं नाही, नाव तिथे होतंच.

आणि उमाशंकर रक्ताळ तोंडाने म्हणत होता, "गलती म्हारी हे. चखा नी म्हने. चखा नी." न चाखल्याची ही खंतच कबुलीजबाब ठरली.

त्या दिवशी तिने अजेयला समोर बसवलं होतं.

"जाऊन खरं सांग."

"म्हातारा आहे, जामीन होईल. त्याचं राहिलंय किती आई? माझं सगळं व्हायचंय."

"दात पाडले रे त्याचे."

"मी पाडले?" त्याने ताट पुढे केलं. "वरण घाल थोडं. आणि एक लक्षात ठेव, धुतलंस तू. धरायचं झालं तर आधी तुला धरतील."

तिने वरण वाढलं होतं. त्यावर तूपही.

आज दुपारी गुड्डीचा फोन आला. जेलच्या फाटकाबाहेरून बोलत होती.

"आंटी, बाबा ने मिलने से मना कर दिया."

"क्यों? क्या हुआ?"

"मंगल को मिले थे, तब मेरे कान में बोले, बीज तेरे घर का था, ये किसी को मत बताना. मैंने कहा, बाबा, मैंने तो इस साल बीज दिया ही नहीं, कोई लेने ही नहीं आया. मानते ही नहीं! समझते हैं मैं डर के मारे झूठ बोल रही हूँ. अब कहलवाया है, तू यहाँ मत आ, तेरा नाम आ जाएगा."

पलीकडे गुड्डी नाक ओढत होती.

"आप अजेय भैया से बोलो ना, कोई अच्छा वकील कर दें. बाबा कहते हैं, यहाँ एक वही अपना है."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. म्हणजे तो लेकीला वाचवायला गप्प होता. जिने काही केलंच नव्हतं तिला वाचवायला. तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. अजेयने माळाचा फोटो पाठवला होता. दिल्लीचे पाहुणे गवतात वाकून बघत होते आणि ज्वारीचे कोवळे कोंब ओळीने वर आले होते. उमाशंकरने भोकं पाडली होती त्या बाजूचे. खाली लिहिलं होतं, 'आई, बघ काय उगवलंय! सगळे खूश!'

तिने गॅसच्या टाकीखालून पोतं ओढून काढलं. चांगलं पोतं टाकवत नाही म्हणून घडी करून तिथे घातलं होतं. कवटी शाबूत होती. दुकानाची चिठ्ठी शिवणीला तशीच अडकलेली, तिच्यावर अजेयचं नाव आणि तारीख. मग मोरांची बातमी छापून आलेला पेपर काढला. बातमीच्या खाली, कुणाला काही माहिती असल्यास कळवावी म्हणून एक नंबर दिला होता.

अजेय सातला यायचा होता. मळलेली कणीक झाकून ठेवलेली होती. ती समोर राहिली असती तर हात पोळ्या लाटायलाच गेले असते, म्हणून तिने परातच आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

बोलताना ऐनवेळी तोंडून भलतंच काही निघू नये, म्हणून तिने पेपरच्या कोपऱ्यावर वाक्य लिहून घेतलं. 'बीज मैंने धोया था.' लिहून थांबली. एवढ्यावरच राहिलं असतं तर अजेय सुटत होता, आणि पेन तिथेच ठेवावंसं तिला किती वाटलं ते तिचं तिला माहीत. मग तिने त्याखाली दुसरं वाक्य लिहिलं, 'लाया मेरा बेटा था.'

दोन्ही वाक्यं एकदा मोठ्याने वाचली, पोतं मांडीवर घेतलं आणि नंबर लावला.