नानासरांच्या वहीतलं टायर्डचं पान

नानासर निमगाव केतकीच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होते, आणि त्यातली निदान वीस वर्षं त्यांनी एकाच गोष्टीवरून पोरांचा जीव खाल्ला होता. सगळीकडे एकच शब्द वापरायचा नाही. पेपरात कुणी दमलेल्या बैलाला टायर्ड, रडून थकलेल्या पोराला टायर्ड आणि कंटाळलेल्या म्हाताऱ्यालाही टायर्डच लिहिलं, की सर लाल पेनानं प्रत्येकी अर्धा मार्क कापत. "सख्खे भाऊ असले तरी एकाच्या लग्नात दुसऱ्याला उभं करत्यात का रं?" असं ते विचारत. पोरं हसत आणि पुढच्या चाचणीत पुन्हा टायर्डच लिहीत.

सरांची एक दोनशे पानी वही होती. पानाच्या डोक्यावर एक साधा इंग्रजी शब्द आणि खाली त्याचं सगळं गणगोत. छप्पन साली बौद्ध झालेल्या त्यांच्या वडिलांनी "सायबाच्या भाषेत अर्ज लिवता आला पायजे" म्हणून पोराला शाळेत घातलं होतं. पोरानं अर्जावर भागवलं नाही, तो इंग्रजीच्या नादीच लागला. वहीतलं टायर्डचं पान सगळ्यात भरलेलं होतं. वीअरी, फटीग्ड, एक्झॉस्टेड, वर्न आउट, एकूण एकोणीस शब्द. कुठला अंगाच्या थकण्याचा, कुठला मनाच्या, कुठला काम संपल्यावरचा आणि कुठला कामाला हात लावायच्या आधीचा, हे सर झोपेतून उठवलं तरी सांगत.

पण शहाण्णव साल उजाडेपर्यंत सर स्वतःच पार पिचून गेले होते. एकेका वर्गात पंच्याऐंशी पोरं, घसा बसलेला, वरकुट्याच्या घरून शाळेपर्यंत रोज एसटीचे धक्के. संध्याकाळी घरी आले की खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटायचे. बायको, केसरबाई, चुलीपुढून बोलायची. आज पाणी आणताना दोनदा खाली बसले. आज भाकरी थापता थापता जीव घाबरा झाला. आज कसं आतनं वढल्यागत हुतंय. सर म्हणायचे, "हं." सगळा दिवस दुसऱ्यांच्या पोरांचं ऐकून आल्यावर घरचं ऐकायला कान उरायचेच नाहीत, आणि त्यात आपलं काही चुकतंय असंही त्यांना कधी वाटलं नाही.

तशी त्यांनी हयगय केली असं कुणी म्हणालं नसतं. दिवाळी झाल्यावर ते तिला बारामतीच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. संक्रांतीनंतर पुन्हा नेलं. बाईमाणसाचं दुखणं डॉक्टरला घरच्या पुरुषानं सांगायचं, ही त्यांच्याकडची रीत. त्यात पुरुष इंग्रजीचा मास्तर. केसरबाई पदर सावरून खाली बघत बसायची आणि सर ऐटीत सांगायचे, "शी फील्स टायर्ड." डॉक्टर कागदावर तेच लिहायचे आणि लाल औषधाची बाटली द्यायचे. बाटली संपायची, केसरबाई होती तशीच राहायची.

फेब्रुवारीतला रविवार होता. धाकटी पायल दहावीला होती, परीक्षा तोंडावर आलेली. तिनं आईवर इंग्रजी निबंध लिहून बापापुढे ठेवला. पहिलंच वाक्य, माझी आई नेहमी टायर्ड असते. सरांनी सवयीनं लाल पेन उचललं.

"नुसतं टायर्ड? कशी टायर्ड? जा, आईला इचार आणि मग लिव्ह."

पायल कागद घेऊन आत गेली. बराच वेळ आतून आईचा आवाज येत राहिला. मग पोरगी बाहेर आली आणि तिनं कागद बापाच्या मांडीवर ठेवला. आई बोलली तसं तिनं मराठीत उतरून घेतलं होतं. "ह्यातल्या कशाला कंचा शबूद, नाना?"

सरांनी वाचलं. वढ्याचा चढ चढताना दम कोंडतो. उताणं निजलं की छातीवर कुणी बसल्यागत हुतं, म्हणून भितीला टेकून बसून झोपते. सांजंला पाय सुजत्यात, जोडवी रुतत्यात.

सरांनी वहीतलं टायर्डचं पान काढलं आणि एकोणीस शब्दांवरून बोट फिरवलं. पुन्हा वरून खाली फिरवलं. एकही बसेना. मग त्यांच्या लक्षात आलं की हा थकवाच नव्हे. भिंतीला टेकून बसलेली केसरबाई त्यांनी कितीदा बघितली होती. तिला झोप येत नसेल असं वाटून ते कूस बदलून झोपले होते.

सोमवारी त्यांनी रजा टाकली आणि तिला बारामतीला नेलं.

डॉक्टरांनी जुना कागद काढला. "काय सर, थकवा कमी आहे का?"

सरांनी केसरबाईकडे बोट केलं. "तिलाच इचारा," ते म्हणाले.

केसरबाईनं नवऱ्याकडे बघितलं. आपलं काही चुकलं का, असंच तिला वाटलं असावं.

"सांग. घरी सांगतीस तसंच सांग."

तिनं आधी पदराला दोन-तीन पीळ दिले, मग सांगायला लागली. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. छातीला नळी लावून ते डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग तिच्या घोट्याजवळ अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथला खड्डा तसाच राहिला.

"हृदयाच्या झडपेचं दुखणं वाटतंय," डॉक्टर म्हणाले. "पुण्याला तपासणी करावी लागेल, याच आठवड्यात. फार उशीर झालाय असं नाही म्हणत, पण झालाय." मग ते केसरबाईकडे वळले. "बाई, हे कधीपासून होतंय?"

"दिवाळीच्या आदीपास्नं."

"मग दोनदा आलात, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगत हुते की," केसरबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. "रोज सांगत हुते."

तिनं सरांकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

स्टँडवर घराकडे जाणारी इंदापूरची गाडी लागायला वेळ होता. सरांनी तिला बाकावर बसवलं, रसवंतीवरून उसाच्या रसाचा ग्लास आणून दिला. तिनं दोन घोट घेऊन ग्लास मांडीवर धरला.

"काय हुतंय?" सरांनी विचारलं.

"काय न्हाय. दमले जरा."

रोजच्या सवयीनं त्यांच्या तोंडात "हं" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"दमलीस म्हंजी कसं?"

केसरबाईनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. खरंच विचारतोय की नुसतं बोलायचं म्हणून, याचा तिनं अंदाज घेतला. मग ती सांगायला लागली, आजचं, कालचं, मग मागच्या पावसाळ्यातलं. मधेच इंदापूरची गाडी लागली. ती उठू लागली, तेव्हा सरांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"जाऊ दे ती. तू बोल."

गाडी गेली.