माझी झोप आणि लेकीचं अंथरूण

राग माझ्या नाकावरच असायचा. आता म्हातारपणी थोडा निवलोय असं बायको म्हणते. पण खोपोलीच्या कारखान्यात होतो तेव्हा विचारूच नका. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळी करून आलो की दिवसा झोपायचो, आणि चाळीतली ती एकच खोली! स्वयंपाक तिथंच, पोरीचा खेळ तिथंच. जरा भांडं वाजलं की मी खेकसायचो. एकदा लेकीच्या हातून तांब्या पडला, तेव्हा असा ओरडलो की शेजारीण धावत आली. त्या दिवसापासून मी आडवा झालो की मायलेकी खुणांनी बोलायच्या.

लेक सहा वर्षांची झाली तरी अंथरूण ओलं करायची. उपाय काय थोडे केले? संध्याकाळनंतर पाणी बंद. शेजारणीने सांगितलं म्हणून तिळाचे लाडू. त्यातले निम्मे मीच खाल्ले. माझी तब्येत सुधारली, अंथरूण होतं तसंच. मग मी माझा ठेवणीतला उपाय काढला. रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहून, "एवढी घोडी झालीस, लाज नाय वाटत?" पोरगी मान खाली घालून ओलं अंथरूण गोळा करायची.

मे महिन्यात माझी बहीण लोधिवलीहून तिला न्यायला आली. आत्याकडे जायचं म्हटलं की एरवी ही आदल्या दिवसापासून फ्रॉक घालून बसायची. त्या वर्षी दाराआड लपली. "मी नाय येणार," एवढंच म्हणाली. आत्याने परोपरीने विनवलं, शेवटी बिचारी एकटीच परत गेली. तिकडं अंथरूण ओलं झालं तर, म्हणून ही लपली होती. पोरीला लाज वाटावी म्हणून मी रोज बोलत होतो, आणि लाज वाटली होती.

त्या दिवशी जेवताना बायको हळूच म्हणाली, "एक सांगू? चिडू नका. तुमची रातपाळी असली की अंथरूण कोरडं असतं. तुमी घरी निजलात की ओलं."

"म्हणजे काय, मी मुततो का तिच्या अंथरुणात?"

बायकोने तोंडाला पदर लावला. पोरगीही खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मला धीर आला, आणि आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं, "बाय, लागली की जाग येते का गं तुला?"

"येते."

"मग उठत का नाय?"

"बाहेर काळोख असतो." मोरी बाहेर, पडवीच्या टोकाला होती, आणि तिथं दिवा नव्हता.

"मग हाक मारायची की!"

तिने आधी आईकडे बघितलं. "तुमी झोपलेले असता ना. तुमची झोप मोडेल."

अरारा! हातातला घास ताटात ठेवला. तिला ओढून मांडीवर घेतलं. म्हटलं, "आजपासून हाक मलाच मारायची. हलव, चिमटा काढ, मिशी ओढ, पण उठव."

मध्यरात्री मिशीला हिसका बसला. बॅटरी घेऊन तिला मोरीवर नेलं, आणून निजवलं. डोळा लागतोय तोच पुन्हा हिसका. चाचपडत पुन्हा बॅटरी शोधली. "चल."

"लागली नाय," ती म्हणाली.

"मग उठवलंस कशाला गं?"

"बघत होते, तुमी वरडता का."