माझं हार्ट फेल: मला सोडून सगळ्यांना ठाऊक

माझ्या आजाराचं निदान झालं तेव्हा मी तिथे नव्हते. म्हणजे हॉस्पिटलात होते, टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात त्या खोलीत डाव्या कुशीवर पडून होते, छातीला तो गार चिकट जेल लावलेला होता. डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून माझ्या मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर येता?" दोघं बाहेर गेले. दार लागलं. माझ्या हृदयाबद्दल जे काही बोलायचं होतं ते पॅसेजमध्ये बोलून झालं आणि मी आत टिश्यू पेपरने जेल पुसत बसले.

मंदार परत आला तो चेहरा पाडूनच. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही गं आई. अशक्तपणा आहे. छातीत थोडं पाणी झालंय, ते औषधाने काढतील."

मी चौसष्ट वर्षांची बाई. तीस वर्षं एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. नवरा गेल्यावर घर मी चालवलं, या मुलाला मी शिकवलं. आणि माझ्या छातीत काय चाललंय हे मला सोडून सगळ्यांना कळलं होतं. हे सगळं मी रागाने लिहितेय, ते आधीच सांगून टाकते. ज्यांना हा आजार झालाय, किंवा ज्यांच्या घरात कुणाला झालाय, त्यांनी राग बाजूला ठेवून बाकीचं घ्यावं. राग घेतला तरी माझी हरकत नाही.

सुरुवात कशी झाली तेही सांगते, कारण ती फार साधी असते. लालबागला आमची चाळ, खोली तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना आधी एकदा थांबायला लागायचं, मग दोनदा. संध्याकाळी पाय सुजायचे, चपलेच्या पट्ट्याचे वळ उठायचे. आडवी झाले की गुदमरायचं, म्हणून उशा वाढत गेल्या आणि शेवटी मी भिंतीला टेकून झोपू लागले. शेजारच्या बायका म्हणाल्या गॅस असेल. मी म्हटलं वय असेल. एका सकाळी पाणी भरताना माझ्या तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा मंदारने टॅक्सी केली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आमच्या परळ भागात हॉस्पिटलांना तोटा नाही आणि हा प्रकार कुठेही होऊ शकतो.

ऑक्सिजन लावला, पाणी उतरवायची इंजेक्शनं दिली. श्वास आला. मग अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्या कुठे तुंबल्यात का ते पाहणं. त्यात काही निघालं नाही. मंदार अगदी खुशीत येऊन म्हणाला, "ब्लॉकेज नाहीत आई!" हे खरं होतं. म्हणून तर मी फसले. खोटं बोलला असता तर मी त्याला तिथल्या तिथे पकडलं असतं.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. माझा मोठा भाऊ, दादा, माझगावला राहतो, गोदीतून रिटायर झालेला. मंदारने पॅसेजमधूनच त्याला फोन केला होता की मामा, आईला हार्ट फेल्युअर आहे म्हणतात. दादाने 'हार्ट फेल' एवढंच ऐकलं. आता आपल्याकडे हार्ट फेल म्हणजे काय हे सांगायला नको. अमक्याचे वडील हार्ट फेलने गेले. सकाळी चहा पीत होते, हार्ट फेल झालं. या शब्दाच्या पुढे माणूस उरलेला कधी ऐकलाय का कोणी? दादाने तिथूनच गावी फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी कॉटवर बसून वॉर्डातला उपमा खात होते, तर समोर माझा चुलतभाऊ बाळा. कणकवलीहून बसने आलेला, हातात पिशवी, कपडे चुरगळलेले. माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागला.

"काय रे बाळा, काय झालं?"

"काय नाय गो बाये. सहजच इलंय."

कणकवलीहून परळच्या वॉर्डात कोणी सहज येतं का? तो माझ्या क्रियाकर्माला आला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी त्याला उरलेला उपमा दिला. त्याने रडत रडत खाल्ला.

मी जिवंत आहे हे दादाला कळलं, पण शब्द काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याने मंदारला दम भरला, "तिका काय सांगू नको. आयकान धसको बसात." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझं हृदय, आणि मत सगळ्यांचं घेतलं, माझं सोडून.

मग घरी आले. औषधांचं मोठं पुडकं बरोबर. मंदारने सांगितलं, ताकदीच्या गोळ्या आहेत, वेळेवर घे. बरं. त्यातली एक गोळी अशी की घेतली की तासाभरात धावायचं. आमच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, तेही सगळ्यांचे मिळून. सकाळी तिथे रांग असते. गोळी घेऊन मी दोन-तीनदा त्या रांगेत कशी उभी राहिले ते माझं मला ठाऊक. दादरला बाजारात जायचं असेल तर आणखी पंचाईत. मग मी विचार केला, ताकद तर आता आली आहे, ही गोळी सोसत नाही, तर बाहेर जायच्या दिवशी नको घ्यायला. पुढे पुढे बाकीच्या दिवशीही नको. आणखी एका गोळीबद्दल केमिस्टकडचा माणूस म्हणाला की ही शुगरवाल्यांना देतात. मला शुगर नाही. म्हटलं चुकून लिहिली असेल, तीही बंद केली.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुमचीच. मी ती कबूल करणार नाही. ज्या बाईला अशक्तपणा आहे असं सांगितलंय तिने अशक्तपणाच्या हिशेबानेच वागायचं ना?

आणि लोकांनीही त्याच हिशेबाने माया केली. जो येईल तो शहाळं घेऊन. "पाणी पी गं भरपूर, अंगात त्राण येईल." कुणी मीठ घातलेली गरम पेज आणली, बरोबर भाजलेलं सुकट. वहिनीने आमसुलाचं सार आणि पापड. मी कुणाला नाही म्हटलं नाही. गुडघे दुखत होते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्याही आणून घेत होते. मीठ, पाणी, शहाळं, दुखण्याची गोळी. माझ्या हृदयाला जे जे वाईट ते ते मी नेमाने घेत होते, आणि जे हवं होतं ते डब्यात पडून होतं.

व्हायचं तेच झालं. पाय पुन्हा सुजले, वजन भराभर वाढलं. ते पाहून शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारलेय हो. त्याच आठवड्यात एका दुपारी मी पुन्हा त्याच हॉस्पिटलात, तोंडाला मास्क लावून. एका वाक्याला तीनदा दम लागत होता.

या वेळी राउंडला मोठ्या डॉक्टर आल्या, बाई होत्या. त्यांनी विचारलं, "सुनंदाताई, गोळ्या का बंद केल्यात?"

"ताकद आली होती म्हणून."

त्या स्टूल ओढून बसल्या. "तुम्हाला काय झालंय हे कोणी सांगितलंय का?"

माझ्या पाठीमागून मंदार त्यांना डोळ्यांनी खुणावत होता. मला न बघताही कळलं. माझाच मुलगा आहे.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

"सांगते. ह्यांच्यासमोरच सांगते. तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे."

मीही याच भाषेत वाढलेय. मी विचारलं, "म्हणजे किती दिवस राहिलेत?"

"तुमचं हृदय बंद पडलेलं नाही हो. बंद पडलं असतं तर मला हे विचारलं असतंत का? ते अशक्त झालंय. बरीच वर्षं ब्लड प्रेशर वाढलेलं होतं, त्याने थकलंय, मोठं झालंय. चाळीच्या टाकीचा पंप कमजोर झाला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, खाली मात्र साचतं. तसं तुमचं पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचतं. म्हणून त्याला कंजेस्टिव्ह म्हणतात, तुंबणारं."

मग त्यांनी आकडा सांगितला. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदयात भरलेल्या रक्तातलं किती बाहेर फेकलं जातं ते. माझं तीस टक्के.

"म्हणजे पस्तीससुद्धा नाहीत," मी म्हटलं. "फेलच की."

त्या हसल्या. "इथे शंभर कुणालाच मिळत नाहीत. माझे साठ असतील. धडधाकट माणसाचेही तेवढेच."

मंदारचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. इतके दिवस तो शंभरातले सत्तर गेले असं धरून बसला होता. म्हणजे माझ्यापासून जे लपवत होता तेही त्याला धड माहीत नव्हतं!

एकेक गोळी त्यांनी हातात घेऊन दाखवली. ही लघवीची, साचलेलं पाणी काढते. ही हृदयाला सावकाश चालायला लावते, म्हणून तिचा डोस हळूहळू वाढवतात. ही दाब कमी करून हृदयाचं ओझं उतरवते. ही मुळात मधुमेहाची, पण कमजोर हृदयालाही मदत करते, मधुमेह नसला तरी. या औषधांनी पुष्कळांचं हृदय सुधारतं, पण मनाने बंद करायची नाहीत. संडासच्या रांगेचं मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बाहेर जायचं असेल त्या दिवशी घरी आल्यावर घ्या. पण घ्या." बस्स. एवढ्यासाठी मी मरायला टेकले होते.

त्या गेल्यावर मी मास्क बाजूला केला आणि मंदारला म्हटलं, "माझं पोस्टमॉर्टेम पण पॅसेजमध्येच करणार होतात का?"

"आई, असं नको ना बोलू. मला वाटलं तू हाय खाशील."

"मला मरणाची भीती वाटू नये म्हणून तुम्ही मला मरणाच्या दारात नेऊन बसवलंत. तीस वर्षं मी ज्याचा फोन त्याला जोडून दिला. बातमी बरी की वाईट हे ऑपरेटरने ठरवायचं नसतं, मंदार."

तो रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. तेव्हा नाही.

राग त्याच्यावर होता, दादावर होता, पण सगळ्यात जास्त पहिल्या डॉक्टरांवर. शेजारच्या पुरुषांच्या वॉर्डात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, त्यांना डॉक्टरांनी सगळं तोंडावर सांगितलं होतं. बाई असली की मुलाला बोलवायचं. मूल नसेल तर भावाला. कोणीच नसेल तर बहुधा वॉचमनला सांगत असतील.

आता मी रोज सकाळी चहाच्या आधी वजन करते. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं, लगेच फोन करायचा. प्यायचं पाणी मोजून, एका ठरलेल्या बाटलीतून. पापड, लोणचं, सुकट, फरसाण बंद. ताजी मासळी चालते, मीठ बेताने. माझ्या एका गोळीने अंगात पोटॅशियम साठतं आणि शहाळ्यातही ते असतं, म्हणून शहाळं बंद. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. हे मला सांगितलेलं आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि स्वतः विचारा. कोणी शहाळं घेऊन दारात आलं की मी सांगते, "मला हार्ट फेल्युअर आहे, हे घरी नेऊन तुम्हीच प्या." बायका म्हणतात, अगं शुभ बोल. दादा तर अजून तो शब्द ऐकला की खिडकीबाहेर बघतो.

आज माझ्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवलेलं आहे. त्याचं सांगते आणि थांबते.

काही महिने औषधं नीट घेतल्यावर पुन्हा एको झाला. रिपोर्ट घ्यायला मंदार खिडकीवर गेला, मी ओपीडीच्या बाकावर बसले होते. त्याने पाकीट उघडून वाचलं. मी लांबून त्याला बघत होते. तो तिथेच उभा राहिला, मग येऊन माझ्या शेजारी बसला. काही नाही गं आई, हे शब्द त्याच्या ओठावर आलेले मला दिसले.

"आई, आकडा फारसा वाढला नाही. बत्तीसच आहे."

मी रिपोर्ट माझ्या हातात घेतला.

"इतक्यावर राहिला तर ठोका एकाएकी बिघडू शकतो. बिघडला तर माणूस जाऊ शकतो, तिथल्या तिथे. मागच्या वेळी मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, हे आईंना सांगायला हवं. मी म्हटलं, रिपोर्ट आला की मीच आईला सांगेन. एक यंत्र असतं, आयसीडी म्हणतात. तसं झालं तर ते आतूनच शॉक देतं आणि ठोका जागेवर आणतं. ते बसवायचं का, हे तू ठरवायचंस."

सगळं सांगून होईपर्यंत तो थांबला नाही. मी त्याचा हात धरला. खूप भीती वाटली. इतकी की समोरच्या भिंतीवरचं काही वाचता येईना. घाबरू नकोस, असं तो एकदाही म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

आमचा नंबर पुकारला. मंदार उठला आणि दार उघडून धरलं. आधी मी आत गेले.