बोडी साफ पाहिजे

आमच्या शेजारचा संघपाल लग्नाची शूटिंग करतो. अड्याळपासून लाखनीपर्यंत कुणाच्या हळदीत कोण रुसलं, कोणत्या मामानं बुंदीचं दुसरं ताट लपवलं, सगळं त्याच्या कॅमेऱ्यात आहे. पण गड्याचं मन हळदीत रमलं नाही. त्याला भुताचा सिनेमा काढायचा होता. अख्खा सिनेमा डोक्यात नव्हताच. होता फक्त पहिला सीन. बाकीचं मग पाहून घेऊ.

तो सीन मी इतक्यांदा ऐकला की माझ्या म्हशीलाही पाठ असावा. गावामागं आमची बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. अख्खा बेशरमीच्या झुडपांनी भरलेला. पहाटेचं धुकं. बाई घागर घेऊन बोडीत उतरते. वारा नाही, तरी एक झुडूप हलतं. मग दुसरं. झुडपं मिटतात. घागर तेवढी मागं राहते.

"पानी दिसलंच नाही पाहिजे, भाऊ. दिसत नाही, तेच तर भेव."

"अन् बाई कोन?"

"माय तयार हाये."

आतून त्याची माय धुरपताबाई ओरडायची, "कायची तयार? त्या बेशरमीत मले इच्चू चावला त तुहा सिनेमा तिथंच खतम!"

"भुताले इच्चू चावत नाही वो, बाई," मी म्हणायचो.

दिवाळीत मुंबईच्या एका सिनेमावाल्या साहेबाशी त्याची ओळख निघाली. संघपालनं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत सीन लिहून धाडला. साहेबाला आवडला. येऊन बघतो म्हणाला. जमलं तर कॅमेरा, माणसं, सगळं त्याचं. संघपाल चाळिशीपार. असा फोन पुन्हा यायचा नाही, हे त्याला कळत होतं. फोन ठेवता ठेवता साहेब बोलला ते त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं: "बोडी एकदम साफ पाहिजे. वर झाडपाला नको. चेहरा दिसला पाहिजे."

"चेहरा? पान्यात?"

"पान्यातच ना गा."

"मंग तुह्या भेवाचं काय?"

"साहेबाले आपल्यापेक्षा जास्त समजते, भाऊ."

हिवाळाभर तो बोडीत. लग्नांची कामं सोडली. बेशरमीच्या चिकानं अंगाला खाज, पाय पांढरेफटक. मी काठावरून विचारायचो, "काहून गा, बोडीले हळद लावून राहिला का?" तो वर न बघता उपटत राहायचा. शेवटी पाणी असं निघालं की बगळा स्वतःलाच बघून दचकावा.

साहेब आला. धुरपताबाई नव्या लुगड्यात, कमरेवर घागर. साहेबानं विचारलं, "बॉडी कुठाय?"

"हे काय साहेब, पुढ्यातच."

साहेबानं काठ बघितला, मागं बघितलं, धुरपताबाईला आपादमस्तक बघितलं. "अहो, प्रेत! झुडपाखाली पडलेलं. त्या बाईचा आत्मा उतरतो ना बॉडीत?"

"आत्मा नाही, साहेब. बाईच उतरते. बोडीत."

उलगडा झाला तसा साहेब पोट धरून हसला. मीही हसलो, हसू येतंच हो. तुम्हालाही आलं असेल. संघपालनं मोबाइलमधले जुने फोटो काढून दाखवले. धुकं, बेशरम, जांभळी फुलं. साहेबाचं हसू थांबलं.

"अरे, हे भन्नाट आहे. हे कुठं आहे?"

"इथंच होतं."

साहेबानं त्या लखलखीत पाण्याकडं बघितलं. "आता इथं कोण घाबरणार? लग्नाआधीचे फोटो काढा, छान येतील." गाडी हायवेकडं निघून गेली.

नंतर संघपालनं बेशरमीच्या काड्या आणून पुन्हा रोवल्या. जी कुठंही फुकट माजते, ती लावायला बसलेला हा पहिलाच माणूस. पण गावच्या बायांना धुणं धुवायला चांगलं पाणी मिळालं होतं. काड्या उपटायला सगळ्यात पुढं धुरपताबाई.

आता अड्याळची नवी जोडपी तिथं फोटोला येतात. संघपालच काढतो. "हसा," म्हणतो. परवा मी डिवचलं, "काय गा, पहिला सीन कधी?"

त्यानं कॅमेरा पिशवीत घातला. "वाकून पाहिलं का माहंच थोबाड दिसते, भाऊ. मी तिकडं पाहतच नाही."