नारळ कुणी फोडला

"नारळ फोडल्याबिगर कोण मशीन उचलतंय साहेब? आमची दुकानदारीच त्याच्यावर हाय," दुकानदार काका त्यांच्या वकिलांना हसत सांगत होते. ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या सूचना वाचत होते. काका मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी हाक मारली असती तर मी काय बोलले असते, मला ठाऊक नव्हतं.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकत होते त्या बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांची नवी शिलाई मशीन बंद पडली, दुकानात कुणी दाद देईना, तेव्हा नोकरी सांभाळून त्या कायदा शिकल्या. आता परभणीत मिक्सरपासून मोटारसायकलपर्यंतची गाऱ्हाणी त्यांच्या ओसरीवर येतात. त्या दिवशी त्यांनी फाइल माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, आज तू बोल, मी मागे बसते.

तक्रार पालमच्या एका मावशींची होती. गल्लीतल्या लोकांचं दळण करून घर चालवायचं म्हणून त्यांनी काकांच्या दुकानातून विजेवर चालणारी घरघंटी घेतली. काही दिवसांतच मोटार जळाली. मेकॅनिक म्हणाला, आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही. दुकानाने लेखी जबाब दिला की मावशींनी घरी पूजा करताना नारळाचं पाणी मशीनवर टाकलं. पाणी गेलंच नाही, असं आम्ही म्हणत होतो. निकाल विरुद्ध गेला तर मावशींची घरघंटी कोपऱ्यात पडून राहणार होती.

पण नारळावर दुकानदारी, म्हणजे काय? मी मावशींना बाजूला घेऊन विचारलं, घरी पूजा केली होती का. हेच मेकॅनिकनेही विचारलं होतं आणि त्या 'हो' म्हणाल्या होत्या.

"केली की. हळदकुंकू लावलं."

"आणि नारळ?"

"त्यो दुकानातच फुटला. शेठनंच फोडला, वरून पानी शिपडलं. नारळ माझाच व्हता पर."

हे आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"कुनी इचारलं? अन् शुभाचं काम केलं त्या मान्सावर नाव कसं घालावं, ताई? तुमी बी नका काढू."

मला काहीच कळेना. नारळ यांचा, हात त्यांचा. मग पाणी कुणाचं? शाळा-कॉलेजात इंग्रजीत शिकलेले सगळे जड शब्द आठवून पाहिले, एकही नारळाला लागू होईना. हे सांगावं तर पाणी गेलं हे आम्हीच कबूल करणार. न सांगावं तर घरचा नारळ मावशींच्या माथी बसणार. शिवाय त्या स्वतःच नको म्हणत होत्या. बाईंना विचारायला वळले तोवर आमचा पुकारा झाला.

आत काकांचे वकील बराच वेळ बोलले. खेड्यातली माणसं यंत्राचीही पूजा करतात, मग पाणी जाणारच, असा त्यांचा रोख होता. काका टेबलाकडे बघत होते.

अध्यक्षांनी मावशींना विचारलं, "नारळ घरीच फोडला ना?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आता त्या पुन्हा 'हो' म्हणणार, हे मला दिसत होतं. मागे वळून पाहिलं; बाई चष्मा पुसत होत्या.

तेवढ्यात काका माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. तेच हसू. आमचा फ्रिज घ्यायला आम्ही त्यांच्या दुकानात गेलो होतो, मी गणवेशात होते. नारळाचं पाणी माझ्या बुटांवर उडालं होतं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा काकांनी माझ्याच हातावर ठेवला होता.

"काका," मी म्हणाले, आणि इथे असं म्हणायचं नसतं हे म्हणून झाल्यावर लक्षात आलं, "आमच्या फ्रिजचा नारळ तुम्हीच फोडला होता, दुकानात. मावशींचाही तुम्हीच फोडलात ना?"