बनुबाईंनी पिसवा काढल्या तेव्हा

बनुबाईंविषयी मला खरं तर फार थोडं माहीत आहे. अकरा वर्षं आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, तरी त्यांचं माहेर कुठलं ते मला त्या गेल्यावर, दहाव्याच्या दिवशी कळलं. वय किती होतं, तेही अंदाजानंच सांगता येईल. मी औंधला हायस्कुलात लेखनिक होतो. हजेरीपट आणि दाखले यांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. त्यांच्या मुलानं, धनाजीनं, सांगलीहून फोन केला, "काका, आईवर दोन पानं लिवून द्या. अपेक्षा मोठी झाली की वाचंल."

मी म्हणालो, "मला कुठं येतंय?"

"आवं, तुमच्याशिवाय ती बोलायची कुणाशी?"

हे काही बरोबर नाही. बोलायच्या त्या, मी नुसता हुंकार भरायचो. पण मागच्या वर्षी एप्रिलात एकवीस दिवस मी रोज त्यांच्या घरात जात होतो. तेवढंच मला नीट माहीत आहे, म्हणून तेवढंच लिहितो. त्यात माझी एक चूक आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, धनाजीलाही नाही.

बनुबाई माणदेशातल्या मेंढपाळ घरातल्या. नवरा अर्जुना हयात होता तोवर दरवर्षी मेंढरं घेऊन घाट उतरायच्या आणि मिरगाच्या आत परत यायच्या. तो गेला, मेंढरं विकली गेली आणि त्या माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. पण एका जागी बसायची सवय त्यांना शेवटपर्यंत लागली नाही. चहा पितानाही उभ्या. अंगणात एक फेरी, मग घरात एक फेरी, मग पुन्हा दारात. मला त्यांच्याकडं बघूनच दम लागायचा. घरात तीन मांजरं होती, कवडी आणि तिची दोन मोठी झालेली पिल्लं. मेंढरं गेल्यावर अंगाला अंग घासणारं तेवढंच उरलं होतं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

त्या एप्रिलच्या आधीच्या दिवाळीत अपेक्षा आजीकडं आली होती. पाच वर्षांची पोर. चार दिवसांत तिचे पाय पिसवांनी फोडून काढले. तिनं खाजवलं, त्यात पू झाला, ताप आला आणि सांगलीत दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. अंजनानं, म्हणजे सुनेनं, सांगून टाकलं की त्या घरात मांजरं असेपर्यंत पोर येणार नाही. तिचंही चुकलं म्हणवत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला धनाजीचा फोन आला तेव्हा मी दारातच होतो. बनुबाई फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवायच्या, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"आये, पोरीची परीक्षा संपली की मी येतो. मांजरं पोत्यात घालतो आन् पार फलटणच्या फुडं उसात सोडतो. मग पोरीला आनतो."

"पोतं आनू नगंस."

"मग पोरगी न्हाई."

"एकवीस दिस हायत न्हवं? मी पिसवा काढते. तू आलास आन् एक जरी पिसू घावली, तर पोत्याचं तोंड मी सोता धरीन."

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या. "ऐकलंसा न्हवं भाऊसाहेब? आता साक्षीदार तुमी."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी दीर आकाराम यांच्याकडून मेंढरं धुवायच्या औषधाची एक बाटली आणवली. आकारामांच्याकडं अजून दीडशे मेंढरं आहेत. बादलीभर पाण्यात औषध घालायचं आणि मेंढरू त्यात मानेपर्यंत बुचकळायचं, की गोचीड, पिसवा सगळं झडतं. बनुबाईंनी आयुष्यभर हजारो मेंढरं अशी धुतली होती. तरी त्या बाटली घेऊन माझ्याकडं आल्या.

"मांजराला चालतं का, वाचून बगा जरा. मला तर काळं अक्षार कळत न्हाई."

माझा चष्मा घरात होता. उठून आत जायला हवं होतं. पण वाचायला सांगितल्यावर "थांबा, चष्मा आणतो" म्हणायची मला उगीच लाज वाटली. मी बाटली लांब धरली. मेंढ्या, शेळ्या, गाई, म्हशी एवढं मोठ्या अक्षरांत दिसलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांच्या चार ओळी होत्या.

"चालतंय," मी म्हणालो.

त्यांनी कवडीला बादलीत मेंढरासारखी बुचकळली आणि उन्हात सोडली. ती अंग चाटत बसली. तास-दीड तासानं भिंतीपलीकडून हाक आली, "भाऊसाहेब, आवं, हिला काय झालं बगा!" कवडीच्या तोंडातून लाळ गळत होती. कान थरथरत होते, मग पाय, मग सगळं अंग झटके द्यायला लागलं.

मी चष्मा घातला आणि बाटली उचलली. शेवटची ओळ होती: मांजरांवर वापरू नये.

जनावरांचा दवाखाना आमच्या घरापासून फार लांब नाही. पण मी एवढं कधी पळालो नव्हतो. डॉक्टर संयोगिताबाई तरुण आहेत, बोलायला खरमरीत. त्या मोटारसायकलवरून आल्या, बाटली बघितली आणि विचारलं, "हे कुणी सांगितलं घालायला? मांजराला हे विष आहे. खाली स्पष्ट लिहिलंय."

मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"कोन सांगनार?" बनुबाई म्हणाल्या. "मला वाचाय येत न्हाई. मीच मेंढरागत धुतली."

मी गप्प राहिलो. एवढीच ती गोष्ट. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं कवडीला दोनदा धुतलं, डॉक्टरांनी सुई दिली, टॉवेलात गुंडाळून तिला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दूध चाटलं, तोवर मला अन्न गोड लागलं नाही. बनुबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी पिसवांचं सगळं समजावून सांगितलं. मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकी सगळ्या घरात असतात. अंडी जमिनीवर गळतात, फटीत अळ्या होतात, अळ्या कोषात जातात. कोषातली पिसू पायांच्या हादऱ्याची वाट बघत आठवडे न् आठवडे पडून राहते. म्हणून रोज कानाकोपरा झाडायचा आणि केर लगेच जाळायचा. अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात काढायचं. भिंतीकडच्या फटी बुजवायच्या. पिल्लांना मांजरांचंच औषध मानेवर लावायचं. कवडीला मात्र सध्या कसलंच औषध नको, नुसती बारीक फणी करायची आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या.

"आणि घरातून चालत राहा," त्या म्हणाल्या. "हादरे बसले की कोषातल्या बाहेर येतात. पांढरे मोजे घालून चाललात तर त्यावर उडी मारतात, किती उरल्यात ते कळतं."

"मोजं कुनाकडं हायती?" बनुबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं खालपासून वर बघितलं. "पर भाऊसाहेबांचा पायजमा पांढरा हाय की."

असा मी त्या कामाला लागलो. रोज सकाळी आठ वाजता बनुबाईंच्या घरात शिरायचं, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत, पंचवीस फेऱ्या मारायच्या. मग दारात उजेडात उभं राहायचं. त्या उकिडव्या बसून माझ्या पायजम्यावरच्या पिसवा ओल्या साबणानं टिपायच्या. बायामाणसाच्या घरात असं पाय पुढं करून उभं राहताना पहिल्या दिवशी माझी मान वर होत नव्हती.

त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "उद्यापास्नं चष्मा घालून या भाऊसाहेब. पिसू बारीक असती."

सहज म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंही नाही. पण मला कळलं की बाटली वाचताना माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. डॉक्टरांसमोर त्यांनी ते मुद्दाम सांगितलं नव्हतं.

फेऱ्यांच्या पहिल्या दिवशी तेवीस पिसवा निघाल्या. मग सतरा, मग नऊ. आळीतले लोक दारातून बघायचे. मानसिंग फौजी रस्त्यावरून ओरडायचा, "भाऊसाहेब, लेफ्ट राइट लेफ्ट! दाहिने मुड!"

"ये की रं तू बी," बनुबाई आतून म्हणायच्या. "मिल्ट्रीत हुतास न्हवं? हितं पिसवांशी लढून दाव."

"नको मावशी, आमी रिटायर."

मला फेऱ्यांची एवढी सवय झाली की घरी आल्यावरही खुर्चीत बसवेना. पोटरीला खाज सुटली की पायजमा वर करून बघायचो, काही नसायचं. झोपेतही पाय चालत असायचे. भिंतीपलीकडं बनुबाईंचाही झाडू चालू असायचा. फोनपासूनचा सोळावा दिवस उजाडला आणि आकडा पाचावर अडला. सतराव्या दिवशी सहा. अठराव्या दिवशी पुन्हा पाच. गोधड्या उकळून झाल्या होत्या, फटी चिखलानं बुजवल्या होत्या, घर दोनदा सारवलं होतं. बनुबाई दारात उभ्या राहून नुसत्या बोटं मोडत होत्या.

"तीन दिस ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "कुठनं येत्यात ह्या?"

मी सहसा कुणाला काही सुचवत नाही. पण मला एक दिसत होतं. मागच्या खोलीत गेलो की धान्याच्या कणगीपाशीच माझ्या पायावर उड्या पडायच्या. पुढं काही नाही. मी चाचरत म्हणालो, "कणगीच्या मागं काय आहे?"

"काय न्हाई."

"कवडी तिथूनच बाहेर येते रोज."

त्यांनी कवडीकडं बघितलं. मग कणगी बाजूला सरकवली. मागं घडी घातलेलं काळं घोंगडं होतं, अर्जुनाचं. मधोमध कवडीच्या अंगाचा खळगा पडला होता. घोंगडं उचललं तर खाली मिरपुडीसारखी काळी भुकटी होती, आणि तिच्यात काहीतरी वळवळत होतं.

"धनाजी म्हनला हुता जाळ म्हनून," त्या म्हणाल्या. "म्हनून हितं ठिवलं. तुमास्नी बी सांगितलं न्हाई."

"गरम पाण्यात काढा. डॉक्टर म्हणाल्यात की."

"घोंगड्याला उकळतं पानी लावलं की ते आखडून पायपुसण्याएवढं हुतं. मग ते घोंगडं न्हाई ऱ्हात." त्यांनी त्याची कड बोटात धरली. "ह्याच्याखाली धनाजी जल्मला. घाटात, पावसात. वर काय नव्हतं, हेच धरलं हुतं चौघांनी."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. धनाजीला तरी माहीत आहे का, कोण जाणे. आता हे वाचून कळेल.

त्या घोंगडं हातात घेऊन घरातून अंगणात आणि अंगणातून घरात फिरत राहिल्या. जाळलं तर घोंगडं जाणार, ठेवलं तर मांजरं जाणार. आणि पोर आलीच नाही तर उरलं काय? माझे पाय जागच्या जागी चुळबुळत होते. मग त्या माझ्या घराकडं बघून थांबल्या. माझ्या मागच्या खोलीवर पत्रा आहे. एप्रिलच्या दुपारी त्यावर पाणी टाकलं तर चर्र वाजतं.

"भाऊसाहेब, शिडी हाय का तुमच्याकडं?"

"आहे. पण मला वर चढवणार नाही..."

"तुमास्नी कोन चढ म्हनतंय? तुमी नुसती धरा."

पासष्टीच्या पुढची बाई, पदर खोचून, खांद्यावर घोंगडं टाकून सरासरा वर गेली. मी शिडी धरून खाली डोळे मिटून उभा. तीन दिवस घोंगडं पत्र्यावर होतं. दर दोन तासांनी त्या वर चढून उलटं करायच्या, काठीनं झोडपायच्या. खाली कणगीमागची माती खरवडून चुलीत घातली. एकोणिसाव्या दिवशी तीन पिसवा. विसाव्या दिवशी एक. ती एक त्यांनी साबणावर धरून मला दाखवली, "बगा, म्हातारी हाय. चालाय येईना तिला."

एकविसाव्या दिवशी धनाजी आला. गाडीत मागं पोतं होतं, मी बघितलं. अंजनानं पोरीला गाडीतून उतरू दिलं नाही. धनाजी म्हणाला, "बगू दे आदी." बनुबाईंनी मला खूण केली. नुकता धुतलेला पायजमा घालून मी पंचवीस फेऱ्या मारल्या. मग अंजना स्वतः उकिडवी बसली आणि माझे दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बघितले. पुन्हा बघितले.

"न्हाई एक बी," ती म्हणाली.

अपेक्षा गाडीतून उडी मारून थेट कवडीकडं पळाली. बनुबाई त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसल्या. पोर पूर्ण मे महिना राहिली आणि तिला एकदाही पिसू चावलेली दिसली नाही. पोतं धनाजी विसरून गेला. त्यात बनुबाईंनी पुढं जळणाच्या शेण्या भरल्या.

भाद्रपदात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. धनाजी गाडी घेऊन आला, सांगलीला नेऊन दाखवायचं म्हणून. आठ दिवसांत येते म्हणाल्या. घोंगडं बरोबर घेतलं होतं. मांजरं माझ्याकडं ठेवली. मी गाडीच्या खिडकीपाशी उभा होतो. बाटलीचं आता सांगावं, असं मनात होतं. सांगणार होतो, पण धनाजीनं गाडी चालू केली.

त्यांनी काच खाली केली.

"कवडीला आयतवारच्या आयतवारी फणी करा."

"करतो."

"पान्यात साबन घाला."

"घालतो."

"आन् चष्मा लावून करा."

"लावतो," मी म्हणालो.