गाभण माकूल आणि मामांची गाडी

सांगलीत राहून समुद्रातल्या माकुलावर पीएचडी करणारी मी बहुधा एकटीच. माकूल म्हणजे स्क्विड, हाडं नसलेला दहा हातांचा जीव. त्याची बीजांडं कशी वाढतात, कधी पिकतात, हा माझा विषय. पाहुणे आले की आई "ती माशांचं काहीतरी करते" म्हणून चहा टाकायला उठते. माझं काम अडलं होतं पिकलेल्या अंड्यांच्या मादीपाशी. या खेपेला ती मिळाली नाही तर अख्खं वर्ष फुकट. म्हणून दिवाळीच्या तोंडावर गुहागरला निघालेच.

गाडी मामांची. मामा मूळचे जतकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. आता कुपवाडला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तुम्ही जाणार असाल तर पहाटेच निघा. इस्लामपूर, कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. गुहागरपर्यंत पाच तास धरा. मामा चालवत असतील तर जास्तच, कारण रस्त्यात कळप दिसला की ते गाडी हळू करून प्रत्येक मेंढी नजरेनं तोलतात. आणि पाटणला मिसळ खाऊ नका. मी खाल्ली, घाटात ती परत भेटायला आली.

बंदरावर एका मावशींच्या टोपलीपुढे मी फतकल मारली. माकूल उचलायचं, पोट चाचपायचं, कडेनं आत डोकावायचं आणि नको म्हणून ठेवून द्यायचं. मादी पिकली की तिच्या पोटातल्या दोन पांढऱ्या ग्रंथी टरारून फुगतात. अंड्यांभोवतीचा चिकट रस त्यांतूनच येतो.

"ताई, माकूल घेताय की सून बघताय?" मावशी वैतागल्या.

पण शेवटी तशा सहा मिळाल्या! मी तिथंच नाचले. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ, बर्फात माकूल, की परत घाट.

कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा मामांनी सहज विचारलं, "एवढी मोठी मोठी सोडून हीच का गं घेतलीस?"

"यांच्या पोटात अंडी आहेत, मामा. अगदी पिकलेली."

मामांनी कप खाली ठेवला. "म्हंजी गाभण?"

"तसंच काहीसं."

"आमच्या घरात गाभण मेंढीला सुरी लावत न्हाईत. लय वाईट दिस काढलं, पर न्हाई लावली. आन् तू निवडून निवडून गाभणच घेतलीस? माज्या गाडीत?"

मामांनी किल्ली खिशात घातली. खोक्यातून पाणी ठिबकत होतं. वेळेत फॉर्मेलिनमध्ये गेली नाहीत तर सगळ्याचा चिखल!

"अहो, ती आधीच मेलीत! मी घेतली नसती तर कुणीतरी तळून खाल्ली असती."

"खाणाऱ्याला म्हाईत नसतं. तुला म्हाईत हाय."

मी रडकुंडीला आले. मग तिथंच, चहावाल्यासमोर, सगळा धडा शिकवला: मादी नराकडून शुक्राणूंच्या पुड्या घेते, सांभाळते, अंडी घालते आणि बहुतेक वेळा त्यानंतर लवकरच मरते.

"एकच वेत?" मामांचा आवाज उतरला.

"एकच. म्हणून तर ती कधी पिकतात ते कळायला हवं. कळलं तर तेवढे दिवस जाळी थांबवा, असं सांगता तरी येईल."

मामांनी खिशातून किल्ली काढली. मग उठले. "आवं मॅडम, हे आदी सांगायचं की!" सांगलीपर्यंत त्यांनी एकाही कळपाकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत हजर. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. भिजलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक अंडी, एकाला एक चिकटून.

"आगं, किती ही! मग दिवाळीच्या सुमारास पिकत्यात म्हण की."

"या वर्षी तरी तसं दिसतंय. पक्कं करायला पुढच्या वर्षी याच दिवसांत परत जायचंय. याल ना?"

मामांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. "पोरी, तेवढे दिस थांबायचं, आसं तूच म्हनलीस न्हवं?"

"मामा, ते मच्छीमारांना! मला नमुने लागतात."

"थांबायचं म्हंजी समद्यांनी थांबायचं. दुसरं कवाबी बोलव, डिझेल माजं. त्या दिसांत मी न्हेणार न्हाई."

प्रवासातून काय राहिलं म्हणाल, तर अंडाशयांच्या काचपट्ट्या अप्रतिम आल्यात आणि प्रबंधाचं अडलेलं प्रकरण एकदाचं लिहून होतंय. पुढच्या दिवाळीला भाड्याची गाडी मिळेल, त्याचं काही नाही. पण प्रकरणाच्या शेवटचं 'या दिवसांत जाळी थांबवावीत' हे वाक्य मी तीनदा लिहिलंय आणि तीनदा खोडलंय.